आईच्या चेहऱ्यावरचा लेयर

नववीत गणिताच्या सरांसोबत भांडून मी शाळा सोडली. तवापासून शहागडला राधेश्यामभाऊच्या दुकानात फ्लेक्सचे बोर्ड बनवते. आता कॉलेजच्या पोरापोरींना शिकवून राह्यले. गंधाली मॅडम तिथं मराठी शिकवतात. बोर्ड करायला आल्त्या, माझं काम बघितलं अन् म्हणल्या, "पायल, आमच्या पोरांना मोबाईलवर चित्रातून गोष्ट सांगायला शिकव. लेयरवर लेयर. बोट लावलं की वरचं गेलं पाहिजे, खालचं दिसलं पाहिजे."

पोरं बी.ए.ची, पण सगळ्यांचं एकच. उगवतीचा फोटो, त्याच्यावर कविता.

"शुभ सकाळ पाठवायलात का?" मी ओरडले. "झाकायचं काय ते आधी ठरवा. झाकलंच न्हाई तर उघडणार काय?"

अक्षताला तेवढं कळलं. तिची आई कौसल्याबाई अंकुशनगरला ऊस तोडते. अक्षतानं वर पाचटाचा, उसाच्या वाळक्या पानांचा फोटो ठेवला, त्याच्याखाली स्वतःच्या चार ओळी, सगळ्यात खाली आईचा चेहरा. उन्हानं रापलेला, गालावर उसाच्या पात्याचे ओरखडे. शनिवारी कॉलेजात मोबाईल प्रोजेक्टरला जोडून भिंतीवर सगळ्यांचं दाखवायचं होतं. आई काम बुडवून येणार होती.

"आईनं स्वतःला एकदा नीट बघावं, बस," अक्षता म्हणली. "तू जरा फोटो साफ करून दे."

मी दुकानात करते तसं साफ केलं. ओरखडे काढले, चेहरा गोरा केला. हात आपोआप चालतो.

शुक्रवारी अक्षता दुकानात आली, स्क्रीनकडं बघितलं. "ही कोण?"

"तुझी आई."

"माझी आई पावडरच्या डब्यावरची बाई हाय का?"

"शहागडात एक चेहरा काळा छापून दाखव. गिऱ्हाईक बोर्ड तोंडावर फेकतंय. साफ कर म्हणलीस ना?"

"फोटो साफ कर म्हणले. आई न्हाई!"

माझंही डोकं फिरलं. माऊस आपटला. पण गोरा चेहरा मी वेगळ्या लेयरवर केल्ता, खाली जुना तसाच होता. वरचा बंद केला. "घे. ओरखड्यांसकट."

शनिवारी कौसल्याबाई पहिल्या बाकावर बसल्या, पदर सारखा करत. अक्षतानं बोट लावलं. भिंतीवरचं पाचट गेलं, ओळी गेल्या, चेहरा आला. भिंतीएवढा.

कौसल्याबाई बघत राहिल्या. मंग हळूच म्हणल्या, "अगं, बरा फोटो नव्हता का एखादा?"

मागून कोणीतरी हसलं. अक्षताचं तोंड उतरलं.

"हाय की," मी म्हणले, अन् अक्षताच्या हातातला मोबाईल घेऊन गोरा चेहरा चालू केला.

"हां! हा लाव. बिलकुल लग्नातल्यासारखी दिसून राह्यले."

अक्षतानं माझ्याकडं असं बघितलं की आता मारतीच. मंग मोबाईल हिसकला, आईच्या हातात दिला. "तूच लाव. इथं बोट ठेव."

कौसल्याबाईंनी बोट ठेवलं. गोरा चेहरा गेला, ओरखडे आले. परत ठेवलं, गोरा आला. परत. दर वेळी खालच्यावर जरा जास्त थांबायच्या. एकदा भिंतीकडं बघत स्वतःचा गाल चाचपला.

"पुढचा कोण?" मॅडमनी विचारलं. कोणी उठलं न्हाई.

मी निघाले. दुकानात वाढदिवसाचा बोर्ड पडून होता, त्यातले सगळे चेहरे गोरे करायचे बाकी होते.