आरशासाठी अडवलेलं पाणी

आमच्या डोंगरात शहरातले लोक येतात ते म्हणे साधं जीवन बघायला. ते नीट साधं दिसावं म्हणून माझ्या दिरांनी घरं गवताने शाकारली. पाहुण्यांच्या खोल्यांना गवताखाली पत्रा आहे, आमच्याकडे नुसतं गवत.

यंदा भाऊजींच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. आमची भाताची खाचरं उतारावर पायऱ्यांसारखी एकाखाली एक. वरच्याचं भिजलं की बांधाचं तोंड उघडं ठेवायचं आणि पाणी खालच्याला द्यायचं, हा एकच कायदा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाळला. भाऊजींनी ते तोंड दगडमातीने बुजवून टाकलं. का, तर आमचं खाचर तुडुंब भरलं की त्यात आभाळ दिसतं, आणि त्याचे फोटो काढायला माणसं लांबून येतात.

आमच्या खाली काकींचं खाचर. काकी म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, एकट्याच असतात. त्यांचं रोप लावणीला आलेलं आणि खाचराला भेगा. लावणी आणखी थांबली तर वर्षभराचा भात गेला. पण बोलणार कशा? भाऊजींनीच त्यांना ओसरीवर खुर्ची दिली होती, गावातली सर्वांत म्हातारी बाई म्हणून फोटोला बसायला, त्याचे चार पैसे त्यांना मिळत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"भाऊजी, काकींचं रोप करपतंय."

"चारच दिवस, वहिनी. पाहुणे देवासारखे असतात."

"देव निदान दुसऱ्याचं पाणी अडवत नाही."

ते हसले. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सकाळी पाहुणे कॅमेरे रोखून बसले. "किती समाधानी आहेत हो ही माणसं," एक बाई म्हणाल्या. मी फावडं घेऊन पुढून गेले, तर त्यांनी माझाही फोटो काढला. बांधाचं तोंड फोडलं तेव्हा टाळ्या पडल्या. आमची काही जुनी रीत असेल असं वाटलं असणार. आभाळ ओसरून चिखल उरला, तेव्हा कुठे भाऊजी धावत आले.

"वहिनी, काय केलंत हे?"

मी फावडं खांद्यावर टाकलं. खाली उतरून काकींच्या खाचरात पाणी वळवायला लागले.

ओसरीवर फोटोवाला काकींसमोर गुडघे टेकून बसला होता. "आजी, जरा हसा ना." पाण्याचा आवाज ऐकला तशा काकी खुर्चीतून उठल्या आणि बांधाबांधाने खाली येऊन चिखलात उतरल्या.

"आजी, इकडे बघा," तो वरून विनवत राहिला.

काकी माझ्याकडे बघून हसत होत्या. त्याला पाठ मिळाली.