उरली फक्त धुगधुगी

"उत्तरकालीन रोमन साम्राज्यात कुणीही कुणाला मारलेलं नाही," असं प्राध्यापक वेंडेलिन ओस्टरटाग यांनी मारबुर्गच्या परिसंवादात जाहीर केलं आणि ते पुढच्या वाक्याकडे वळणार, इतक्यात कॉफीची किटली त्यांच्या तोंडावर येऊन आदळली.

किटली संस्थेची होती, फेकली प्राध्यापक लुडगर ब्रॉम यांनी. दोघांचं भांडण जुनं. तेव्हा रोमच्या ताब्यात असलेल्या इजिप्तच्या वाळूत सोळाशे वर्षांपूर्वीच्या फिर्यादी सापडतात. तेऊस नावाच्या एका विणकरणीने न्यायाधिकाऱ्याकडे द्यायला अर्ज लिहवून घेतला होता : 'शेजारी काठी घेऊन अंगावर धावून आला, माझं वस्त्र फाडलं, दात पाडले, आता माझ्यात फक्त धुगधुगी उरली आहे.' ओस्टरटाग म्हणायचे, सगळेच फिर्यादी हेच शब्द वापरतात, तेव्हा ही अर्ज लिहिणाऱ्यांची ठरलेली भाषा. मार कुणी खाल्लेला नाही. हेच सांगणारं त्यांचं पुस्तक सोमवारी छापायला जायचं होतं. आयुष्यभराचं काम होतं ते.

"बाईचे दात पडले होते, वेंडेलिन," टेबलावर चढत ब्रॉम म्हणाले.

"शैली आहे रे ती," ओस्टरटाग नाक दाबत म्हणाले. बोटांमधून रक्त ओघळून टिपणांवर पडत होतं.

ब्रॉमनी फळ्यावर दाखवायची काठी उचलली. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा कानावर. तिसऱ्याला काठी मोडली, तेव्हा ते बुटांवर आले. कोटाची बाही खांद्यापासून फाटली. ओस्टरटाग खाली पडले, तशी बरगडीत लाथ बसली आणि आत काहीतरी कडकन वाजलं. मग ब्रॉम छातीवर बसले आणि त्यांनी तोंडावर ठोसा लगावला. बाकीच्या विद्वानांनी खुर्च्या मागे ओढल्या. दोघातिघांनी टिपणं काढली.

पोलीस आले. फोगेल नावाच्या हवालदार बाई ओस्टरटागांशेजारी गुडघ्यावर बसल्या.

"काय झालं, प्राध्यापक महाशय? सावकाश सांगा."

"काठी घेऊन अंगावर धावून आला," ओस्टरटाग म्हणाले. "कोट फाडला. दात पाडले. आता माझ्यात फक्त धुग..."

ते थबकले. धुगधुगीच होती. दुसरा कुठलाही शब्द तिथे बसत नव्हता. भिंतीला टेकून धापा टाकणाऱ्या ब्रॉमच्या, रक्ताचे शिंतोडे उडालेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"बोल ना, बाळा. शब्द पुरा कर. बाई, लिहून घ्या, जसंच्या तसं. मला छापायचंय."

ओस्टरटागांनी डोळे मिटले. सोमवार समोर दिसत होता.

"मी पडलो," ते म्हणाले.

"कशावरून?"

"व्यासपीठावरून."

"व्यासपीठ वीतभर उंच आहे," फोगेल बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या गालावर बुटाचा ठसा आहे."

"बुटावर पडलो."

"खोटं बोलतोय तो," ब्रॉम ओरडले. "मी मारलं. बाई, मला अटक करा. सगळ्यांच्या देखत मारलंय."

"फिर्यादी नाही म्हणतायत," फोगेल बाई वैतागून म्हणाल्या. "आणि तुम्हाला एवढी हौस कसली?"

"हौस? हे बघा मग."

ब्रॉम धावले. बाईंनी त्यांचा पट्टा धरेपर्यंत आणखी दोन लाथा बसल्या होत्या, एक पोटात, एक हनुवटीवर. ओस्टरटागांचं डोकं फरशीवर आपटलं. तेऊसही अशीच पडली असेल, फरशीऐवजी मातीवर, हे त्या क्षणी त्यांना लख्ख पटलं. आणि अर्ज लिहिणाऱ्याने एकही शब्द वाढवला नव्हता, हेही.

"आता?" ब्रॉमनी विचारलं. त्यांच्या हातात बेड्या पडत होत्या, आवाजात मात्र आर्जव होतं. "आता तरी मारलं म्हण ना रे."

"पाय घसरला," ओस्टरटाग म्हणाले. "फरशी ओली आहे. कॉफी सांडलीये."

फिर्यादच नाही म्हटल्यावर बाईंनी सुस्कारा सोडला आणि बेड्या काढल्या. ब्रॉम मटकन खुर्चीत बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

ओस्टरटाग कोपरावर रेलले, तोंडातलं रक्त थुंकले आणि म्हणाले, "लुडगर, माझा दात तुझ्या स्वेटरच्या बाहीत अडकलाय. तेवढा दे."