उडी मारणारा तुकडा

नातवाला, राजवीरला, खरचटलं की रक्त थांबता थांबेना, तेव्हापासून चिमणाबाईंनी सुनेच्या शिरोळच्या माहेराला धारेवर धरलं होतं. "आमची तालमीत आंग घासलेली मानसं. ही खोट शिरोळचीच!" दोन्ही घरांचं येणंजाणं बंद पडलं.

आज तपासणीचा निकाल बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, खोट माहेरचीही नाही आणि सासरचीही नाही. माणसाच्या पेशीत जनुकांचे काही तुकडे असे असतात, की एखादा आपली नक्कल काढून दुसरीकडे उडी मारतो. राजवीरमध्ये तो नेमका रक्त गोठवणाऱ्या जनुकात जाऊन बसला. आईबापांत तसं काही नाही. इंजेक्शनं चालू ठेवा, पोरगं मजेत खेळेल."

सून स्नेहल खुदकन हसली. चिमणाबाईंनी पदर खोचला, दवाखान्याच्या दारातूनच शिरोळला फोन लावला आणि विहीणबाईंना रविवारी पांढरा रस्सा प्यायला बोलावलं.

"आन् वरीसभर मला शिव्या दिलासा, त्याचं काय?" विहीणबाई शेवंताबाई तिकडून कडाडल्या.

"त्या व्हय? त्या उडी मारनाऱ्या तुकड्याला हुत्या की!" चिमणाबाई तेवढ्याच मोठ्यानं म्हणाल्या. "मधी तुमी आलासा!"