ताटाजवळची गोळी

मित्रांनो, मी एका नामांकित कंपनीच्या गोळ्यांची जुनी बाटली आहे. आज माझ्यात एकही गोळी उरलेली नाही, पण एके काळी माझा तोरा काय वर्णावा! कारखान्यात माझी किती कसून तपासणी झाली, हे मी शेजारच्या मिठाच्या बरणीला कंटाळा येईपर्यंत ऐकवत असे.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या जेवणाच्या टेबलावर माझा मुक्काम होता. बाईंची मूत्रपिंडं थकली होती. अन्नातलं फॉस्फेट त्यांच्या रक्तात साठे. मग अंगाला खाज सुटे आणि हाडं ठिसूळ होण्याची भीती असे. माझ्या गोळ्या ते फॉस्फेट पोटातच धरून ठेवत, रक्तात जाऊ देत नसत. ताट वाढलं की बाईंचा हात आपसूक माझ्याकडे येई.

पुढे डॉक्टरबाईंनी त्याच औषधाची जेनेरिक, म्हणजे मोठ्या कंपनीच्या नावाशिवाय मिळणारी स्वस्त गोळी लिहून दिली. अगदी साधं पाकीट, ना रंग ना रूप. बाईंच्या मुलीने ते बाकीच्या औषधांबरोबर झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवून दिलं. मी मनातल्या मनात नाक मुरडलं.

काही आठवड्यांतच खाज परतली. खाजवून खाजवून बाईंचे हात रक्ताळले आणि शिवणकाम बंद पडलं. रक्ताच्या तपासणीत फॉस्फेट भलतंच वाढलेलं निघालं. मुलीचे बाबा तिच्यावर कडाडले, "स्वस्तातलं औषध आणून आईच्या जिवाशी खेळतेस?"

"बाबा, डॉक्टरांनीच दिलंय ना ते!" मुलगी रडकुंडीला आली.

"मग चल, त्यांनाच विचारू. ही बाटलीही घे. आता हीच द्या म्हणावं!"

दवाखान्यात मी ऐटीत उभी होते. पाकीट मुकाट्याने पडून होतं. डॉक्टरबाईंनी दोघांवरची अक्षरं नीट वाचली.

"औषध तेच आहे, प्रमाणही तेच. गोळी घेता कधी?"

"झोपताना. बाकीच्या गोळ्यांबरोबर," बाई म्हणाल्या.

"आणि आधीची?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ती... जेवताना. समोरच असायची ना."

"अहो, ही गोळी जेवणातलं फॉस्फेट धरते. पोटात जेवणच नसेल तर धरणार काय?"

म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी! माझा तोरा तिथल्या तिथे उतरला. बाबांना लेकीच्या तोंडाकडे बघवेना.

"चुकलो गं," ते पुटपुटले.

"मग या गोळ्या आमच्या जुन्या बाटलीतच भरू का?" बाईंनी विचारलं. मला केवढी आशा वाटली! पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "नको. नाव आणि मुदत पाकिटावर आहे, त्यातच राहू द्या."

आता मी भंगाराच्या पिशवीत आहे. रक्ताची पुढची तपासणी अजून व्हायची आहे आणि घराचा जीव टांगणीला लागला आहे. इथून मला टेबल दिसतं. बाबा घास हातात धरून थांबतात. बाईंनी गोळी घेतली की मगच तो बाबांच्या तोंडात जातो.

मित्रांनो, घरात कुणाचं औषध बदललं, तर नव्याला नावं ठेवण्याआधी ते कधी आणि कशाबरोबर घ्यायचं, एवढं विचारा. मला खुशाल टाकून द्या. पण माझ्या बाईंचं ताट वाढाल, तेव्हा ते साधं पाकीट आधी आणून ठेवा.