टोलेफसनच्या काडतुसाची मान

डेल्बर्ट टोलेफसनला स्वतःच्या नावाचं काडतूस हवं होतं. घर झालं होतं, गाडी झाली होती, दोन्ही गुडघे नवे बसवून झाले होते. त्र्याहत्तराव्या वर्षी एवढंच राहिलं होतं.

हार्लन क्रीक गावात मी एकोणतीस वर्षं बंदुका दुरुस्त करतोय, त्यामुळे हा आजार मला नवा नाही. आमच्या पश्चिम डकोटात माणूस निवृत्त झाला की एकतर मासे धरतो, नाहीतर काडतूस शोधून काढतो. बारीक गोळीची काडतुसं दुकानात तयार मिळतात आणि उत्तम मिळतात. पण तयार काडतूस वापरणारा नुसता कुरणातले प्रेअरी डॉग, म्हणजे बिळं करणाऱ्या जाड्या खारी, मारून घरी जातो. ज्याचं काडतूस कुठल्याच दुकानात मिळत नाही, त्याला त्याबद्दल बोलता येतं. असल्या घरी जन्माला घातलेल्या काडतुसाला आम्ही रानमांजर म्हणतो, आणि दर रानमांजराला बापाचं आडनाव लागतं.

डेल्बर्टने निवडीतच दोन हिवाळे घालवले. रोज सकाळी कॅफेत वही उघडायची, पॅनकेक थंड होऊ द्यायचे आणि समोर येईल त्याला विचारायचं, मोठं पितळी कवच घेऊन त्याची मान आवळू की लहान घेऊन खांदा पुढे ढकलू? लोक त्याला बघून टेबल बदलायला लागले. शेवटी त्याने नेहमीच्या बावीस कॅलिबरच्या कवचाची मान, म्हणजे गोळी धरणारं निमुळतं तोंड, वीसपर्यंत आवळायची आणि खांदा जरा ताठ करायचा असं ठरवलं. कागदावर वेगाचा हिशेब केला, तर दुकानातल्या काडतुसापेक्षा सेकंदाला अकरा फूट जास्त भरला. अकरा फूट म्हणजे किती, तर मी शेजारी उभा राहून शिंकलो असतो तरी तेवढा फरक पडला असता. डेल्बर्टने मात्र 'वीस टोलेफसन' अशी पाचशे लेबलं छापून घेतली.

त्या काडतुसासाठी बंदुकीची नळी मीच कापली. तो घ्यायला आला तेव्हा मी नीट समजावलं, की काडतूस बसायची जागा तुझ्या सांगण्यावरून घट्ट ठेवली आहे, आणि मान आवळली की तिथलं पितळ जाड होतं, तेव्हा प्रत्येक कवचाची मान बाहेरून तासल्याशिवाय काडतूस आत जायचं नाही. डेल्बर्ट तेव्हा फोनवर कुणाला तरी अकरा फूट ऐकवत होता. त्याची बायको व्हर्ना ऐकत होती. तिने किती तासायचं ते विचारलं आणि चर्चच्या पत्रकामागे लिहून घेतलं.

पुढची तीन वर्षं डेल्बर्ट दुपारी झोपला की व्हर्ना स्वयंपाकघरात बसून माना तासायची. तो उठेपर्यंत कवचांच्या बुडाला ठिणगीच्या टोप्या बसलेल्या असायच्या आणि बंदुकीची दारूही मोजून झालेली असायची, कारण काट्यावरच्या बारीक रेघा त्याला दिसत नव्हत्या. मग डेल्बर्ट यायचा, गोळी ठेवायचा, दाबयंत्राचा दांडा ओढायचा आणि काडतूस भरलं म्हणायचा. मला हे ठाऊक होतं, कारण तासणीचं पातं बोथट झालं की ती माझ्याकडे धार लावायला आणायची. मी कुणाला बोललो नाही. मला कुणी विचारलंही नाही.

आमच्या नेमबाजी क्लबाची रीत अशी. जूनमधल्या पहिल्या शनिवारी हॅस्केलच्या कुरणात तीनशे यार्डांवर मातीच्या पाच चकत्या मांडायच्या आणि रानमांजराने पाच गोळ्यांत त्यातल्या चार फोडायच्या. फोडल्या तर नाव क्लबाच्या फळीवर चढतं आणि मी तिथल्या तिथे नळीवर ते नाव ठोकून देतो. फळीवरचं शेवटचं नाव होतं 'सतरा क्रेब्स'. हा वेंडल क्रेब्स डेल्बर्टचा चाळीस वर्षांचा मित्र, म्हणजे चाळीस वर्षं दोघांना एकमेकांचं बरं पाहवलेलं नाही. वेंडलची काडतुसं त्याचा जावई भरतो अशी डेल्बर्टला शंका होती. म्हणून गेल्या वर्षी त्याने सभेत हात वर करून नवा नियम करून घेतला, की काडतुसं सगळ्यांसमोर, तिथेच भरायची आणि जो भरेल त्यानेच मारायचं.

त्या शनिवारी डेल्बर्ट इस्त्रीचा शर्ट घालून आला. कपाटातून त्याने कोऱ्या कवचांची चकचकीत नवी पिशवी उचलून आणली होती. व्हर्नाने वाटेत दोनदा विचारलं म्हणे, की हीच आणलीस का. तो म्हणाला, नवी ती चांगली. सगळ्यांसमोर त्याने माना आवळल्या, टोप्या बसवल्या, दोन चष्मे लावून दारू मोजली, गोळ्या बसवल्या. मग झोपून नेम धरला आणि नळी मागून बंद करणारा बोल्ट पुढे सारला. बोल्ट मिटेना. त्याने तळहाताने एक ठोसा दिला.

"थांब," मी म्हणालो. "ठोकून बसवलंस तर मानेला गोळी सोडायला जागाच राहणार नाही. बंदूक फुटेल, आणि मागे तुझंच तोंड आहे."

"तू नळी चुकीची कापलीस."

"तू सांगितलीस तशी कापली. मान तासलीस का?"

"कसली मान?"

वेंडल कॉफी प्यायचा थांबला. "तीन वर्षं कॅफेत आमचं डोकं खाल्लं याने," तो म्हणाला, "आणि विचारतोय कसली मान."

डेल्बर्टने वळून बायकोकडे पाहिलं. "आपण मान तासतो?"

"आपण नाही," व्हर्ना म्हणाली.

बघायला पंचवीस माणसं उभी होती. डेल्बर्टचा चेहरा उतरला आणि मला खरंच वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. त्याचा उजवा हात हल्ली थरथरतो. पुढच्या जूनला तो नेम धरू शकेल याची खात्री डॉक्टरलाही नव्हती.

"मग आत्ता तास ना पाच," तो तिला हळूच म्हणाला. "मी मारतो."

"भरेल त्याने मारायचं," वेंडल म्हणाला. "नियम कुणी केला रे? मला तर हात वर केलेला आठवतोय एक."

व्हर्नाने पर्स उघडली. रुमाल, खोकल्याच्या गोळ्या, आणि त्याखालून तासणी काढली. बाकावर बसून त्याच पिशवीतली पाच कवचं घेतली, आवळली, एकेकाची मान फिरवून फिरवून तासली. पितळेचा बारीक भुगा तिच्या झग्यावर पडत होता. दारू मोजताना तिने वेंडलला उजेडातून बाजूला व्हायला सांगितलं आणि तो झाला. मग ती बंदुकीमागे झोपली. तिच्या माहेरी गुरांचं कुरण होतं, नवव्या वर्षापासून ती बंदूक चालवत आलेली, पण लग्नानंतर ते कुणी विचारलं नव्हतं.

पहिली गोळी चकतीच्या डावीकडे धुळीत गेली.

"बंदुकीवरच्या दुर्बिणीची खुंटी कुणी फिरवली?" तिने विचारलं.

"मी," डेल्बर्ट म्हणाला. "वारा बघून."

"वारा दुसरीकडून आहे." तिने खुंटी परत फिरवली आणि उरलेल्या चार गोळ्यांनी चार चकत्या ओळीने फोडल्या.

मी हातोडी आणि अक्षरांचे ठसे काढले. डेल्बर्टचा रंग तोवर परत आला होता. "ठोक," तो मला म्हणाला. "वीस टोलेफसन. तिचंही आडनाव तेच आहे की."

मी व्हर्नाकडे पाहिलं. ती झग्यावरचा भुगा झटकत होती.

"ब्रुगमन," ती म्हणाली.

"ते तर तुझं माहेरचं."

"माझंच ना?"

इंग्रजीत टोलेफसनपेक्षा अक्षरं कमीच, जागा पुरून उरली. मी सावकाश ठोकलं. डेल्बर्टने नळी धरून ठेवली होती आणि प्रत्येक अक्षराला त्याचे डोळे मिटत होते.

पाचशे लेबलं वाया गेली नाहीत. चर्चच्या विक्रीत व्हर्नाने चोकचेरी या रानफळाच्या जेलीच्या बरण्यांना ती लावली. वेंडलने सहा बरण्या घेतल्या.

ऑगस्टमध्ये कॅफेत परगावचे दोन शिकारी बसले होते. कोपऱ्यात उभी डेल्बर्टची बंदूक पाहून एकाने नळीवरचं नाव वाचलं आणि विचारलं, "हा ब्रुगमन कोण?"

डेल्बर्टने पॅनकेक कापला. "माझे सासरे," तो म्हणाला. "फार हुशार माणूस होता."

व्हर्ना शेजारीच होती. तिने कॉफी संपवली. संध्याकाळी तिने टेबलावर त्याच्यासमोर कोऱ्या कवचांची पिशवी आणि तासणी ठेवली आणि म्हणाली, "तुझ्या सासऱ्यांना विचार कशी धरायची ते."

तेव्हापासून डेल्बर्ट स्वतः माना तासतो. दर आठवड्याला दहा-वीस कवचं घेऊन माझ्या दुकानात येतो आणि मी ती एकेक नळीत घालून पाहतो. अजून एकही आत गेलेलं नाही.