प्याल्याच्या काठावरचा रुमाल

मित्रांनो, मी एक जुना सुती रुमाल आहे, आणि स्वस्थ पडून राहणं काही माझ्या नशिबात नाही. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला सगळे एकाच प्याल्यातून द्राक्षारस पितात. एकाने घोट घेतला की पाळकसाहेब मला काठावरून फिरवतात आणि प्याला पुढच्याच्या ओठांना लावतात. ओठ, पूस, ओठ, पूस. नुसती धावपळ!

मला शिवलं चर्चमधल्या दोन बहिणींतल्या थोरलीने. ती शिंपीण. तिची आई गेली, तेव्हा आईच्या चादरीचा धड राहिलेला तुकडा घेऊन तिने मला बारीक टीप घातली. धुणं-इस्त्रीही तीच करते. "काय पांढराशुभ्र आहे हो!" असं कुणी म्हटलं की मी फुलून जातो. पण घडी होऊन कपाटात पडलो की एकच विचार मला पोखरतो. भाकर एक, प्याला एक, आपण सगळे एकाच शरीराचे, असं पाळकसाहेब सांगतात. मग मध्ये मी कशाला?

थोरलीला मात्र मी हवाच होतो. तिची धाकटी बहीण नर्स. आईने प्राण सोडला तेव्हा ती दवाखान्यात दुसऱ्याच कुणाच्या आईच्या उशाशी होती. "जगाची सेवा केलीस आणि घरची आई वाऱ्यावर सोडलीस," असं थोरली बोलून गेली, आणि दोघींचं बोलणंच तुटलं. धाकटी प्याला घ्यायला वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायला आली की थोरली दुसरं टोक गाठायची. वर पाळकसाहेबांना बजावायची, "रुमाल जरा दाबून फिरवत जा."

मग धाकटीची दूर बदली झाली. तिचा इथला शेवटचा रविवार उजाडला. थोरलीचं कशातच लक्ष नव्हतं. इस्त्री करून तिने मला पर्समध्ये टाकलं. उशिरा धावत आली, मला वेदीवर ठेवायचं विसरूनच गेली, आणि बघते तर कठड्याशी एकच जागा रिकामी. सुरुवातीलाच धाकटी, आणि तिच्या शेजारी ती जागा. करते काय? टेकले गुडघे.

धाकटीने पहिला घोट घेतला. पाळकसाहेबांचा हात मला चाचपू लागला. "ताई, रुमाल?" ते हळूच म्हणाले.

थोरलीने मला बाहेर काढलं. काठावर धाकटीच्या ओठांची ओल तशीच होती. माझ्या जिवाची घालमेल झाली. पूस ना बाई एकदाची!

"राहू द्या," थोरली म्हणाली. "एका ताटात जेवलोय आम्ही." आणि त्याच ठिकाणी ओठ टेकवून तिने घोट घेतला.

धाकटीला हुंदका आवरेना. थोरलीने मला तिच्या हातात कोंबलं. "छकू, नाक पूस आधी. आईच्या चादरीचा आहे तो."

मी पार भिजलो. पाळकसाहेबांनी प्याला तसाच पुढे नेला. पुढच्यांनीही तसाच घोट घेतला.

मित्रांनो, मला जपा, स्वच्छ धुवा. पण दोन माणसांच्या मध्ये मला आडवा घालू नका. पुसायचंच असेल तर डोळे आहेत की.