शिंजीर दिसला तो दिवस

फेब्रुवारीतलं कोवळं ऊन बाल्कनीच्या जाळीतून हलकेच आत येई, कुंडीतल्या जास्वंदीवर थोडं रेंगाळे आणि मग तिच्याआड स्टुलावर बसलेल्या आईच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांवर उतरे. आईची आठवण मला नेहमी त्याच उजेडात येते: मांडीवर कॅमेरा, मान किंचित कललेली, ओठ घट्ट मिटलेले. शारजात रोल्लाच्या बाजारपेठेजवळ तिसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं. खाली दुकानांची शटरं खडखडत वर जात, माल उतरवणाऱ्यांचं ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे ‘चला, चला’, चालू होई, आणि त्या कल्लोळातही आईचे कान एकाच बारीक, टोकदार शिळेकडे लागलेले असत.

त्या चिमुकल्या पक्ष्याला आमच्या इमारतीतली सगळी मुलं हमिंगबर्ड म्हणत, कारण शाळेच्या पुस्तकात तोच होता. मीही म्हणे. आई दर वेळी न कंटाळता सांगे की हमिंगबर्ड राहिले तिकडे अमेरिकेत, हा आपला शिंजीर, आपल्यासारखाच इथे पोटासाठी आलेला.

आई चित्रकलेची शिक्षिका होती. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा पोखरायला घेतला आणि स्वतःच काढलेली पेन्सिलीची रेघ तिला दिसेना, तेव्हा तिने नोकरी सोडली आणि बाबांकडे कॅमेरा मागितला. शिंजीर तिला कधी धड दिसलाच नव्हता. क्षणभर काळा, क्षणभर निळा, आणि मग नुसतीच हलणारी फांदी. त्याला एकदा कागदावर थांबवावं आणि नजर आहे तोवर भिंग लावून पोटभर पाहावं, एवढंच तिला हवं होतं. अबुधाबीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की उरलेली नजर टिकवायचा प्रयत्न करू, गेलेली परत येणार नाही. वेळ थोडा होता, पण तिच्या बसण्यात तो कधी जाणवला नाही. उतावळेपणा सगळा माझ्या आणि बाबांच्या वाट्याला आला होता.

रोज सकाळी ती जास्वंदीची फुलं खुडून देवाला वाही आणि एकच फूल झाडावर ठेवी, पाहुण्याला दुसरीकडे जायला जागा उरू नये म्हणून. कॅमेऱ्याचं अंतर त्या फुलावर मी लावून देई. पुढचं काम तिचे कान करत. पंखांची फडफड जवळ आली की ती श्वास रोखून बटण दाबी. रोल धुऊन येई तेव्हा त्यात फूल असे, फांदी असे, फार तर एखादा धूसर काळा फराटा असे. "आज पुन्हा फांदीचाच पासपोर्ट फोटो का?" बाबा चिडवत, आणि आई म्हणे की फांदी निदान नीट बसते तरी. मग उन्हाळा येई, नर आपला रंग उतरवून मातकट होई, आणि तिचा हंगाम संपे.

असे दोन-तीन हंगाम गेले. ज्या संध्याकाळी अखेर तो फोटो स्टुडिओतून आला, तोवर आईला खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच उमगत होतं. फोटो इतका रेखीव होता की बाबा तो पाहून उठून स्वयंपाकघरात गेले. मी तो तिच्या हातात ठेवला.

"आला का गं?"

"येस, ममा. इट्स परफेक्ट."

"मराठीत सांग. मला दिसेल असं सांग."

माझं मराठी जेवायला बोलावण्यापुरतं. निळा, मी म्हटलं. कुठला निळा, तिने विचारलं. मी चाचपडू लागले. मानेवर मोराचा, छातीवर पिकलेल्या जांभळाचा, पाठीवर जुन्या तव्याचा. चोच दाभणासारखी, पुढे वाकलेली. ती विचारत गेली आणि मी पाहत गेले, आणि ज्या पक्ष्याला लहानपणापासून रोज पाहत होते तो मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसू लागला.

"पंखाखाली काही आहे?"

नाही, मी म्हटलं. तिने पुन्हा नीट बघायला सांगितलं. फोटो दिव्याखाली धरला, तर उचललेल्या पंखाच्या काखेत बोटभरही नसलेला एक पिवळाधमक, केशरी कडेचा झुपका होता.

"आहे गं. हळदीत केशर कालवल्यासारखा."

तिने चकचकीत कागदावरून अंगठा फिरवला. शाळेतल्या पक्ष्यांच्या तक्त्यावर तसा झुपका होता म्हणाली, पण तो चित्रकाराने मनानेच घातला असेल असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

"दिसला," ती म्हणाली.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडले.

आई जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, ते घरही राहिलं नाही. तरी वाटेत एखादं झाड, एखाद्या अनोळखी बाईच्या साडीचा काठ, समुद्रावरचा मावळता उजेड दिसला की माझी पावलं थबकतात आणि मनात मराठी शब्द जुळू लागतात. काळ माणूस घेऊन जातो. त्या माणसासाठी पाहायची लागलेली सवय मात्र आपल्यापाशी ठेवून जातो, आणि पाहिलेलं आता कुणाला सांगायचं ते सांगत नाही.